अनुभव धागा: चाळिशीत गेमची डिफिकल्टी कुठे ठेवता?

शाळकरी वयात ‘ईझी’ लावणं म्हणजे लाज. चाळिशीत तेच बिनदिक्कत लावलं जातं. कोणत्या गेममध्ये नेमकं काय बदलता, तेवढं लिहा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

टर्बोबटण: लाज कसली? ‘काँट्रा’ या जुन्या गेममध्ये तीन लाइफ पुरायच्या नाहीत म्हणून टायटल स्क्रीनवर वर-वर-खाली-खाली, डावं-उजवं-डावं-उजवं, बी, ए, स्टार्ट. लगेच तीस लाइफ. त्याला कुणी रडीचा डाव म्हटलं नाही, मग ‘सेलेस्टे’ या उड्यांच्या गेममधल्या असिस्ट मोडला (गेम सोपा करणाऱ्या सेटिंगला) नाकं का मुरडायची? तिथे गेमचा स्पीड 100 वरून दहा-दहाने 50 पर्यंत खाली येतो. आधी फक्त 90 करा. अडलेली स्क्रीन 80 वर पाठ करायची आणि परत 100 वर यायचं. फार खाली गेलात तर डॅशचा (हवेतल्या झटपट झेपेचा) ताल हातात चुकीचा बसतो. इन्व्हिन्सिबिलिटी, म्हणजे कशानेच न मरणं, मात्र नको. काट्यांची नुसती नक्षी उरते.

वायरवाला: डिफिकल्टीच्या आधी टीव्हीचा ‘गेम मोड’ बघा. तो बंद असला की टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो आणि उडी उशिरा लागते. 60 एफपीएसला (सेकंदाला 60 फ्रेम) एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. पाच फ्रेम गेल्या की 83. डोळ्यांना कळत नाही, पॅरी (ऐन क्षणी वार परतवणं) मात्र हुकते आणि बोल लागतो वयाला.

झर्गरश: वयाचाही वाटा आहेच. 2014 साली ‘स्टारक्राफ्ट 2’ या डावपेचांच्या गेमच्या 3,305 खेळाडूंचा अभ्यास छापून आला होता. प्रतिसादाचा वेग चोविसाव्या वर्षापासूनच उतरणीला लागलेला! पण वयाने मोठे खेळाडू हॉटकी (शॉर्टकट बटणं) आणि साध्या चालींनी ती कसर भरून काढतात. म्हणजे बटणांची मांडणी आधी, ईझी नंतर.

पाताळयात्री: ‘हेडीस’ गेमचा गॉड मोड. सुरुवातीला 20 टक्के मार कमी, प्रत्येक मरणाला आणखी 2 टक्के, कमाल 80. शत्रूंच्या चाली त्याच राहतात, त्यामुळे शिकणं बुडत नाही.

राखेचा गोळा: ‘एल्डन रिंग’मध्ये डिफिकल्टीचा पर्यायच नाही. व्हिगर (जीव वाढवणारा आकडा) आधी 40 करा, तलवार नंतर. आणि खरी अडचण बॉसची (मोठ्या शत्रूची) नसते, दाराच्या बेलची असते, कारण साधा पॉजही नाही. मेन्यू, इक्विपमेंट, हेल्प, मग ‘मेन्यू एक्स्प्लनेशन’ उघडा. ऑफलाइन असाल तर बॉस जागच्या जागी थिजतो. दूध घेऊन या.