घरच्या पाककृतींचं पुस्तक : मोजून लिहायचं की सांगितलं तसं?

शाईचा डाग

गेलं दीड वर्ष मी आमच्या घरातल्या पाककृतींचं पुस्तक जमवतेय. विकायला नाही, नात्यातल्या पन्नासेक माणसांपुरतं. आजीची एक वही आहे, आणि आई नि दोन मावश्या यांच्याशी बोलून केलेली बरीच रेकॉर्डिंग्ज. आता मजकूर लावायला घेतला आणि घरातच दोन तट पडले. धाकटा भाऊ म्हणतो, सगळं ग्रॅम आणि मिनिटांत बसव, नाहीतर या बाडाचं करायचं काय?

माझं मत बरोबर उलटं आहे. वहीतली एक ओळ अशी आहे: "पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ मळावं. झाकून ठेवावं, थोरलीची अंघोळ होईस्तोवर."

थोरली म्हणजे माझी आई. भावाने याचं "२० मिनिटे झाकून ठेवा" केलं. काम सोपं झालं, पण त्या पानावरून आई गेली. आणि कानाची पाळी काही आजीच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. जपानी स्वयंपाकातही तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांसाठी हेच सांगतात, पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. हातांना कळतं ते आकड्याला कळेलच असं नाही.

म्हणून मी ठरवलंय, की वहीत आहे तसं छापायचं, चुकांसकट. पटतंय का?

वजनकाटा

दणकून असहमत.

वाचून पदार्थ होत नसेल तर ते आठवणींचं पुस्तक. जरूर लिहा, पण त्याला पाककृतींचं पुस्तक म्हणू नका. नातवंडं एकदा करून बघतील, फसेल, दुसऱ्यांदा हात लावणार नाहीत. मग जतन काय झालं? कागद.

"एक कप" म्हणजे तरी किती? अमेरिकेत साधारण २४० मिली, मेट्रिक कप २५०, आणि जुनं ब्रिटिश पुस्तक असेल तर अर्धा पाइंट म्हणजे २८४. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. टीस्पूनभर बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम भरतं, तोच चमचा जाड, पोकळ दाण्याच्या मिठाने भरला तर निम्म्यावर येतो. छापील पुस्तकांचा हा घोळ, तर आजीच्या वाटीचं काय घेऊन बसलात! बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमचा असा आग्रह धरला, तो हौस म्हणून नव्हे. शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी नाही, अशी मुलगी डोळ्यासमोर असली की असंच लिहावं लागतं. तुमची नातवंडं म्हणजे तीच मुलगी.

आजीची वाटी घरात असेल तर आज रात्री ती पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. भांडी वाटली गेली, मोडीत गेली, की हा आकडा पुन्हा मिळत नाही.

तळटीप

वजनकाट्यांचं पटतं, पण एक उदाहरण त्यांच्या व्याख्येत बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) नाझी छळछावणीत उपाशी बायका एकमेकींना पाककृती सांगत आणि हाताला लागेल त्या कागदावर उतरवून ठेवत. मीना पेक्टर त्यांतल्या एक. त्या १९४४ मध्ये तिथेच गेल्या. मरण्यापूर्वी ते बाड त्यांनी एका परिचिताकडे दिलं, माझ्या मुलीला पोचवा म्हणून. ते मुलीच्या हाती न्यूयॉर्कमध्ये पडलं तोवर पंचवीस वर्षं उलटली होती. १९९६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यातल्या बऱ्याच कृती अर्धवट आहेत, कुठे जिन्नस सुटलाय, कुठे पायरी. भुकेल्या माणसाची आठवण जिथे अडखळली तिथे कृतीही अडखळते. ती जागा कुणी नंतर व्यवस्थित भरून दिली असती तर आपण काय वाचलं असतं?

येल विद्यापीठाच्या संग्रहातल्या सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनी मातीच्या पाट्या घ्या. एकीवर २५ रश्श्यांच्या कृती आहेत आणि प्रमाणं जवळजवळ नाहीतच. ज्याला येतं त्याने ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलेलं. पाककृती लिहायची जुनी तऱ्हा हीच आहे, ग्रॅम अलीकडचे.

वजनकाटा

@तळटीप, त्याच पाट्यांवरच्या काही जिन्नसांची नावं म्हणजे नेमकं काय, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. "ज्याला येतं त्याच्यासाठी" लिहिलं की येणारे संपल्यावर असं होतं.

आणि तेरेझिनचं उदाहरण इथे आणू नका, अगदी हात जोडून सांगतो. त्या बायकांकडे चूल नव्हती, पीठ नव्हतं, चाचणी घ्यायला उद्या नव्हता. धागाकर्तीकडे गॅस आहे, काटा आहे आणि फोन उचलला तर मावशी आहे. तिथे चूक राहिली कारण इलाज नव्हता. इथे चूक ठेवायची म्हणताय.

शाईचा डाग

@वजनकाटा, शेवटचं वाक्य लागलं. पण मिनिटं लिहिली की कृती अचूक झाली हेही मला पटत नाही. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. दीड हजार मीटरवर ९५ च्या आसपासच. तिथल्या माझ्या भाचीला "२५ मिनिटे शिजवा" सांगून काय उपयोग? "बोटाने दाबल्यावर सहज फुटेपर्यंत" हे तिलाही चालतं आणि मलाही. पाकाचंही तसंच. तार धरून बघायला थर्मामीटर लागत नाही.

वजनकाटा

तार किती वेळा तुटल्यावर ती बघायला जमली, तेही पुस्तकात लिहा. :)

खूण आणि आकडा दोन्ही द्या ना. "तार येईपर्यंत, साधारण ११० अंश." कुणाचं काय जातं?

करपलेला तळ

तुमचं मोजमाप चालू द्या. मला "कुटुंबाच्या गोष्टी" या शब्दाचीच धास्ती वाटते.

अशी चार-पाच घरगुती पुस्तकं मी वाचली आहेत. प्रत्येकात आजी हसतमुख. प्रत्येकात तिच्या हाताला चव. पहाटे उठून चाळीस माणसांचं रांधायचा तिला कंटाळा आला, असं एकाही पानावर नाही. शेवटी जेवायला बसल्यावर तिच्या पानात काय उरलेलं असायचं, तेही नाही. आणि ज्या घरांत स्वयंपाकाला बाई होत्या तिथे तर कमालच. वीस वर्षं हात त्यांचा, पुस्तकावर नाव घराण्याचं. आमच्याकडे अगदी हेच झालं. ज्यांनी मला पहिल्यांदा पीठ मळायला शिकवलं त्यांचं नाव आमच्या कौटुंबिक पुस्तकात "मदतनीस" असंसुद्धा आलं नाही. मी विचारलं तर म्हणे, जागा नव्हती. कुत्र्याचा फोटो मात्र अर्धं पान.

@शाईचा डाग, तुमची ती अंघोळीची ओळ तुम्हाला गोड वाटतेय. मला त्यात एक बाई दिसते, जिला पीठ मुरायला ठेवल्यावर बसायलासुद्धा मिळत नाही. ओळ ठेवाच. फक्त तिच्याभोवती महिरप काढू नका.

कात्रण

वरच्या प्रतिसादाला +१.

माझा अनुभव वेगळ्याच बाजूचा. सासूबाईंची वही टाइप करायला घेतली. घराण्याची म्हणून मिरवली जाणारी ती खास गोड कृती निघाली एका मासिकाच्या कात्रणातली, खालच्या पानाला डकवलेली. दुसरी, डब्याच्या लेबलावरून उतरवलेली. तिसरी शेजारणीची, तीही "बरी" असा शेरा मारून. पिढ्यान् पिढ्यांचं म्हणावं असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं निघालं.

घरात सांगितलं तर सगळे हिरमुसले, नवरा तर दोन दिवस बोलला नाही. मला मात्र वही जास्तच आवडायला लागली. कुणाकडून काय आलं याचा माग लागतो त्यात. शाई कुठे बदललीय, "साखर कमी" असं नंतर कुणी वेगळ्या अक्षरात लिहिलंय. ती दुरुस्ती करणारी कोण, हे शोधण्यात माझा एक आख्खा महिना गेला. (मोठ्या नणंदबाई निघाल्या. त्यांना आठवतही नव्हतं.)

तेव्हा प्रत्येक कृतीखाली "कुणाकडून" ही ओळ हवीच. एक सावधगिरी: जिन्नसांच्या नुसत्या यादीवर सहसा कुणाचा मालकी हक्क नसतो, पण कृती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द लिहिणाऱ्याचे असतात. मासिकातला मजकूर जसाच्या तसा छापू नका. आणि हयात माणसांची भांडणं छापण्याआधी त्यांना विचारा, नाहीतर पुढचं भांडण तुमचं.

बरणी

"वहीत आहे तसं, चुकांसकट" हे वाचून थांबलेच. गोष्टीत चूक राहिली तर राहू दे, हवाबंद बरणीत राहू नये.

जुन्या वह्यांत टिकाऊ पदार्थांच्या कृती असतात: भाजी उकळून बाटलीत भरा, झाकण लावा, वर्षभर राहते. कमी आंबट पदार्थांत, म्हणजे पीएच ४.६ च्या वर, बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना प्रेशरखाली साधारण १२१ अंशांची उष्णता लागते. बाटलीत हवा नसली की ते वाढतात आणि विष तयार होतं. त्याला वास येईलच असं नाही, चवही बदलेलच असं नाही. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या कच्च्या लसणाचीही तीच गत. "आम्ही वर्षानुवर्षं खाल्लं, काही झालं नाही" हे पुरावा म्हणून चालत नाही.

मूळ मजकूर छापा, पण शेजारी स्पष्ट लिहा की ही कृती करू नये, वाचावी. इथे मी वजनकाट्यांच्याही एक पाऊल पुढे आहे.

काडीबहाद्दर

एवढं रामायण कशाला? मोबाइल स्टँडवर ठेवा, मावशीचे हात शूट करा, टाका ग्रुपवर. पुस्तकं कोण वाचतं? (काडी टाकून पळतो.)

तळटीप

@काडीबहाद्दर, पळू नका. हात शूट करायलाच हवेत, पीठ मळण्याचा वेग शब्दांत येत नाही. पण ग्रुपवरचा व्हिडिओ फोन बदलला की गेला. कागद निदान माळ्यावर सापडतो.

अवांतर, पण कामाचं: जुन्या वहीच्या फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही. आधी प्रत्येक पान रंगीत स्कॅन करा, ६०० डीपीआयला. कोरी वाटणारी पानंही, आणि तेलाचे डागही. सगळ्यात तेलकट पान म्हणजे सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पान. ही माहिती वहीत कुणी लिहून ठेवत नाही.

शाईचा डाग

सगळ्यांचे आभार. थोडं घरचं सांगते.

बरणी, तुमचं शंभर टक्के मान्य. वहीत तशा तीन कृती निघाल्या, तिन्हींवर लाल चौकट येणार. करपलेला तळ, तुमचा प्रतिसाद मावशीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माझ्याबद्दल लिहिशील तेव्हा मला स्वयंपाक आवडत नव्हता हे लिही." लिहिणार आहे.

वजनकाटा, तुमच्या नादाने काल पीठ करून बघितलं. भावाची २० मिनिटं लावली आणि फसलं. ताणलं की आखडत होतं, लाटताना कडा फाटत होत्या. कानाची पाळी कुठली, टाच म्हणा. भाऊ खट्टू, मी मनातून खूश. मग आईला फोन लावला: अंघोळीला किती वेळ लागायचा गं तुला? ती म्हणाली, "कुठून धरतेस? पाणी तापायला ठेवल्यापासून, की डोक्यावर पडल्यापासून?"

मी विचारलं, आजी कुठून धरायची?

"ती पीठ झाकायची आणि त्याच हाताने पाणी चढवायची. तापेपर्यंत माझी वेणी सोडायची. मग केस धुणं, पुसणं. उवा झाल्या होत्या तेव्हा मला, दोन महिने रोज चालायचं ते."

आज सकाळी घड्याळ लावलं. पातेलंभर पाणी तापवलं, आई खुर्चीत बसली, मी तिची वेणी सोडली, केस धुतले, पुसले. सत्तावन्न मिनिटं. पीठ बोटाने दाबलं आणि मग आईच्या कानाची पाळी दाबून बघितली. ती ओरडली, पाणी गार होतं तुझं.

आता पानावर सत्तावन्न लिहायचं की एक तास, यावरून भावाशी वाजलंय. आणि उवांचं छापायला आई नको म्हणतेय.