शेतवाट अडवली तर आधी वाट मोकळी करावी, भांडण नंतर. तुमचं मत काय?

शहापूरचा भातवाला

ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांत शेतवाटेची भांडणं फार झालीत. माझं मत स्पष्ट आहे. वहिवाटीची वाट कुणी अडवली की तहसीलदारांनी स्थळपाहणी करावी, पंचांना विचारावं आणि लावणीपुरती तरी वाट लगेच मोकळी करून द्यावी. हद्द, मालकी, भरपाई हे सगळं मागाहून दिवाणी कोर्टात भांडा.

आपल्याकडे वाट ही आखून दिलेली पट्टी कधी नव्हतीच. पावसात माणसं आणि बैल बांधावरून जायचे. भात कापून खाचरं सुकली की बैलगाडी कुणाच्याही खाचरातून थेट खळ्यावर. कुणी अडवत नसे, कारण त्याचीही गाडी पुढच्याच्या शेतातून जायची. आता मधला तुकडा विकला जातो, घेणारा जाळीचं कुंपण घालतो, आंब्याची कलमं लावतो, फाटकाला कुलूप ठोकतो. त्याला पुढच्या खाचरातून जायचंच नसतं, मग तो दुसऱ्याला का जाऊ देईल? त्यात बैल गेले आणि पॉवर टिलर आला. तो दीड फुटाच्या बांधावरून जात नाही.

कायदे आहेत. मामलेदार (म्हणजे तहसीलदारच) न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडवलेली वाट खुली करून घेता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. 22 मे 2025 च्या शासन निर्णयात अशा अर्जांचा निकाल 90 दिवसांत लावा असंही म्हटलंय. पण जूनमध्ये वाट अडली आणि 90 दिवस अगदी काटेकोर पाळले, तरी सप्टेंबर उजाडतो. लावणी तोवर संपलेली असते आणि शेत पड राहतं. त्या वर्षाचं भात कुठलं कोर्ट परत देणार?

घोडबंदर रोड

मी तुम्ही म्हणता तो कुंपण घालणारा. शेतकरी असल्याचा दाखला आहे, त्याशिवाय कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे जमीन घेताच आली नसती. घेण्याआधी सातबारा, फेरफार, गाव नकाशा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सगळं पाहिलं. कुठेही वाट नव्हती. आणखी काय पाहायला हवं होतं?

‘आधी मोकळी करा, मग भांडा’ म्हणजे माझं म्हणणं ऐकण्याआधीच निकाल माझ्या विरुद्ध. एकदा टिलर गेला की दुसऱ्या वर्षी मुरूम पडतो, तिसऱ्या वर्षी तो रस्ता होतो. तात्पुरती म्हणून दिलेली वाट परत मिळालेली मी तरी पाहिली नाही. माझ्या शेजारी शेतरस्ता म्हणूनच मागणी आली होती. रुंदी मिळाल्यावर मागच्या जमिनीचे गुंठ्यांत तुकडे विकायला काढले. भातासाठी मागितलेल्या वाटेवरून आज डंपर जातात. खऱ्या शेतकऱ्याला वाट नको असं मी म्हणत नाही. पण त्याच्या नावाखाली कोण आत शिरतोय, हे आधी तपासलं गेलंच पाहिजे आणि तपासायला वेळ लागतोच.

खडवलीची सून

परक्यांवरच का बोलताय सगळे? आमची वाट सख्ख्या दिरांनी अडवली आहे. वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचं थोरल्यांना, नदीकडचं आम्हाला. वाटणीपत्रात क्षेत्र लिहिलं, चतुःसीमा लिहिल्या, जायचं कुठून ते कुणी लिहिलं नाही. सासरे होते तोवर प्रश्नच नव्हता.

मुरबाड दहा गुंठे

मी दोघांच्या मधला. माझी 10 गुंठ्यांची लांब पट्टी आहे, 180 फुटांची. मागच्याला 12 फुटी वाट सोडली की जवळजवळ 2 गुंठे जातात, म्हणजे शेताचा पाचवा हिस्सा. त्याचे पैसे कोण देणार? भातवाले दादा, तुमची लावणी बुडते ते कळतं. पण वाट नेहमी गरिबाच्याच खाचरातून निघते, कारण त्याच्याकडे कुंपणही नसतं आणि वकीलही नसतो.

कल्याण कोर्ट

वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर.

घोडबंदरसाहेब, गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. रेषा नाही म्हणून हक्क नाही असं मात्र होत नाही. सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 प्रमाणे 20 वर्षं उघडपणे, खंड न पडता, हक्क म्हणून वापर सिद्ध झाला तर नोंद नसतानाही वाट मिळते.

भातवाले दादा, तुमची अडचण त्या ‘हक्क म्हणून’ मध्येच आहे. कापणीनंतर एकमेकांच्या खाचरातून जाणं ही शेजारधर्माची मुभा होती, असं समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल. मुभा कितीही वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही.

ताई, तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. एकत्र जमिनीची वाटणी होऊन एका हिश्श्याला जायला दुसरी वाटच उरत नसेल, तर कलम 13 खाली गरजेची वाट मिळते. फक्त दुसरीकडून लांबची वाट असेल तर ती गरज नव्हे, सोय ठरते.

शहापूरचा भातवाला

वकीलसाहेब, मुभा मागावी लागते. आमच्या आजोबांनी कधी कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्यांना विचारलं नाही. ज्या गावात सगळेच सगळ्यांच्या शेतातून जात होते तिथे मुभा कोण आणि हक्क कोणता? कलम 143 मध्ये तहसीलदारांनी शेतात जाण्याच्या वाजवी गरजेचा विचार करावा असं लिहिलंय, ते यासाठीच. मला कोर्टापेक्षा तहसीलदारांवर भरवसा आहे, कारण ते चिखलात उभे राहून बघू शकतात.

घोडबंदरसाहेब, डंपरचा मुद्दा मला मान्य आहे. आदेशातच लिहा: सहा फूट, टिलर आणि बैलापुरती, मुरूम टाकायचा नाही, बिनशेती झाली की वाट बंद. शासन निर्णयात किमान 3 ते 4 मीटर रुंदी म्हटलीय. ती घाटावरच्या ऊस-सोयाबीनच्या मोठ्या रानांना ठीक आहे. आमच्या खाचरांत तेवढी मागितली तर मुरबाडच्या दादांसारखा माणूस आडवा येणारच, आणि तो बरोबर आहे.

घोडबंदर रोड

अटी कागदावर राहतात. मोडल्या तर मी पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा तारखा. आज तुम्हाला जी दगदग होते ती मग माझ्या वाट्याला. वाट सातबाऱ्यावर इतर हक्कांत अटींसकट नोंदवली आणि जागेचे पैसे दिले, तर मी उद्या फाटक उघडतो. त्याआधी नाही.

मुरबाड दहा गुंठे

पैशाचं बोललात ते बरं केलंत. तुम्हाला द्यायचे तर मलाही द्यायला हवेत.

खडवलीची सून

वकीलसाहेब, कलम 13 साठी दिवाणी दावाच लागेल ना? दिरांवर दावा लावायला घरात कुणी तयार नाही. तहसीलदारांकडे नुसता अर्ज चालेल का?

कल्याण कोर्ट

चालेल. तुमची चालू वाट अडवली गेली आहे, त्यामुळे आधी मामलेदार कायद्याच्या कलम 5 चा विचार करा. पण अडथळा आला त्या दिवसापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज हवा. कुंपण कधी घातलं ते ठरवा, शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांचे जबाब आणि गाव नकाशाची नक्कल जोडा. मुदत गेली असेल तर कलम 143 खाली मागा, तिथे ही अट नाही. तो निकाल विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एक वर्ष मिळतं.