मदत हवी आहे : कानाला मशीन लावणाऱ्या मुलीला वर्गात नेमकं काय ऐकू येतं?

रानजाई

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. यंदा वर्गात एक मुलगी आली आहे, दोन्ही कानांना मशीन. चुणचुणीत आहे, गणित तर झटपट सोडवते. समोर बसून सांगितलं की सगळं कळतं. तेच फळ्याकडे तोंड करून सांगितलं की शेजारणीच्या वहीत बघते. पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की तिचा वर्गाशी संबंधच तुटतो. श्रुतलेखनात 'साखर'चं 'आकर' लिहिलं, 'मासा'चं 'माता'.

स्टाफरूममध्ये काही जण म्हणतात, "तिला हवं तेव्हा बरोब्बर ऐकू येतं." मला हे अजिबात पटत नाही, पण खोडून काढण्याएवढी माहिती हवी. घरच्यांचं म्हणणं, मशीन आणलंय ना, आता येतं ऐकू. डी.एड.ला अपंगत्वाचे प्रकार पाठ केले होते. पण अशा मुलाचा शाळेतला दिवस कसा जातो, हे कुणी शिकवलं नाही. जाणकारांनी सांगाल का? वर्गात काय बदलू?

कवठीचाफा

ताई, मी निवृत्त ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीनचं नसतं. मशीन आवाज मोठा करतं. आतल्या कानाला इजा असेल तर मोठा झालेला आवाजही अर्धवटच पोचतो. आ, ओ हे स्वर जोरकस असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, क, त हे हलके आणि उंच पट्टीतले, ते आधी गळतात. तुमच्या 'साखर'चा स तिथेच गेला. म्हणजे तिला आवाज येतो, शब्द पुरा येत नाही. उरलेला ती ओठ बघून आणि अंदाजाने भरते. त्यातही प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. आरशात 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघा.

रोज सकाळी एक करा. तिच्या मागे तीन-चार फुटांवर उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज थांबून थांबून, क्रम बदलत काढा. ऐकू आला की तिने तोच आवाज परत काढायचा. काल आलेला आवाज आज येत नसेल तर आधी मशीन बघा. सेल संपला असेल, नळीत मळ किंवा घामाचं पाणी साचलं असेल. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डबीत ठेवायला सांगा. पुडी लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला मशीनचा कानात बसणारा भाग, सैल झालेला असतो. मुलं वाढतात, कान वाढतो, मोल्ड नवा करावा लागतो. हे पालकांना फार क्वचित कुणी सांगतं.

ओवी_१२

मी स्वतः लहानपणापासून कमी ऐकते. "कळलं का?" असं तिला विचारू नका, आम्ही सगळे "हो" म्हणतो. "मी आता काय सांगितलं?" असं विचारा. ओरडू नका, ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलात तर चेहरा अंधारात जातो. मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिलं की ते तुम्ही एकदा परत म्हणा. आणि दुपारनंतर ती मरगळलेली दिसली तर आळशी समजू नका. दिवसभर प्रत्येक वाक्य जुळवत बसणं फार थकवतं. "हवं तेव्हा ऐकू येतं" हे मीही ऐकलंय. खूप लागतं ते.

सह्यगिरी

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात भेटतील, त्यांना शाळेत बोलवा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर ते काढायला लावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष असेल तर 'ऐकण्यास कमी', ७० किंवा त्याहून जास्त असेल तर 'कर्णबधिर'. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तरतुदी आहेत. पण भाषेची सूट घ्यायची घाई करू नका, मुलगी हुशार आहे. मशीनसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. मुंबईला जाणं जमलं तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी होते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आवाज करून बघितले. श आणि स आलेच नाहीत, आणि डावं मशीन शिट्टी मारतंय. वडिलांना मोल्डचं समजावलं, ते या आठवड्यात साताऱ्याला नेतायत. तिला खिडकीच्या बाजूला दुसऱ्या बाकावर बसवलंय, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर येतो आणि मान वळवून तिला इतर मुलंही दिसतात. स्टाफरूममध्ये आरशातला 'पाय-बाय-माय' करून दाखवला, दोन सहकारी स्वतः करून बघत होते.

एक राहिलं. गटात काम करताना चार मुलं एकदम बोलतात, तेव्हा काय करू?

ओवी_१२

गट तीन-चार जणांचाच ठेवा आणि गोल बसवा. बोलणाऱ्याच्या हातात खडू द्यायचा, खडू ज्याच्याकडे त्यानेच बोलायचं. तिला कुठे बघायचं ते लगेच कळतं. शक्य असेल तर तो गट व्हरांड्यात बसवा, पत्र्याखाली नको.