मदत हवी आहे : आईबाबांसोबत नॉयश्वानस्टाइन आणि फ्युसेन

ऑक्टोबरच्या शेवटी आईबाबा म्युनिकला येणार आहेत. बवेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा नॉयश्वानस्टाइन किल्ला त्यांना दाखवायचाच आहे. आईने फोटो पाहिल्यापासून तिचा जीव त्यातच अडकलाय. 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला 1886 मध्ये राजा गेला तेव्हाही अपुराच होता.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. खालच्या होहेनश्वानगाऊ गावातून वर चालत अर्धा-पाऊण तास चढ आहे. घोडागाडी किल्ल्याच्या अलीकडेच सोडते, तिथून पुन्हा थोडा चढ. बस मारिएनब्रुके पुलाजवळ थांबते, तिथून उतार. उतारावर गुडघे जास्त दुखतात, म्हणून ठरत नाहीये. वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर काय सोपं पडलं ते सांगा ना. आत भरपूर पायऱ्या आहेत. लिफ्टसाठी आधी कळवावं लागतं का? तिकिटावरची वेळ चुकली तर प्रवेश मिळत नाही, त्यामुळे खालून निघताना हाताशी किती वेळ ठेवावा?

दुसरं, रात्री किल्ल्याजवळच्या फ्युसेन गावात राहावं असं मला फार वाटतंय. म्युनिकहून रेल्वेने दोन तास, म्हणजे एका दिवसात परतता येतं. पण मग लेख नदीकाठचं ते जुनं गाव धावतपळत उरकावं लागेल. बाबा सतार वाजवतात आणि 1562 मध्ये ल्यूट हे जुनं तारवाद्य बनवणाऱ्या कारागिरांचा संघ याच गावात स्थापन झाला होता. तिथल्या संग्रहालयातली जुनी वाद्यं त्यांना निवांत बघू द्यायची आहेत. स्टेशनजवळ, लिफ्ट असलेलं एखादं साधं हॉटेल कोणाला माहीत आहे का?