टाकीवर फक्त ‘यूएस’ उरलंय, स्टो कोणाचा? मदत हवी आहे

मंडळी,

जुने रॉकेलचे स्टो जमवायचा नाद मला नुकताच लागलाय. वातीचे दोन होते, परवा पहिला पितळी पंपाचा स्टो हाती लागला आणि तिथेच अडकलोय.

बर्नरवर ‘प्रायमस, स्वीडन’ स्वच्छ वाचता येतं. झालं की काम, असं वाटून टाकी घासायला घेतली. (हो, पॉलिश लावून. बोलणी खायला तयार आहे.) टाकीवर नाव गोलाईत ठोकलेलं होतं, त्यातली शेवटची दोन रोमन अक्षरं तेवढी उरलीत: ‘यूएस’. आता प्रायमस, ऑप्टिमस, रेडियस, तिन्ही स्वीडनचे आणि तिघांचा शेवट तोच!

तळाला एक सुटं अक्षर आहे, ‘सी’ किंवा ‘जी’. प्रायमसवाले १९११ पासून वर्षासाठी एकेक अक्षर ठोकत, ‘ए’ म्हणजे १९११. त्या हिशेबाने माझा १९१३ चा नाहीतर १९१७ चा. पण टाकीच प्रायमसची नसेल तर हा सगळा हिशेब वाया.

टाकी साधारण लिटरभराची, तीन पाय डाग देऊन जोडलेले, हवा सोडायचा स्क्रू झाकणातच. बर्नर आवाजाचा, म्हणजे निपलवर (रॉकेलची वाफ सुटते त्या बारीक भोकावर) थाळी असलेला. नाव कसं ठरवायचं? आणि पेटवून बघू का?

प्रतिसाद १
बर्नरच्या नावावर जाऊ नका. आधी जळतो तो बर्नरच, त्यामुळे बदललेला असण्याची शक्यता दांडगी. शिवाय या स्वीडिश स्टोंचे बर्नर बऱ्याचदा एकमेकांच्या आट्यांत बसतात. झाकण आणि पंपाची मूठ यांचंही तेच. साक्ष टाकीचीच घ्यायची. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवा. नाहीतर अंधारात टॉर्च टाकीला जवळजवळ टेकवून तिरप्या उजेडात फोटो काढा. आणि पॉलिशचा डबा आता लपवून ठेवा.

प्रतिसाद २
पेटवायची घाई नको. आधी पंपाचं चामडं बघा, वाळून कडक झालं असेल तर तेलात भिजवा. पंपाच्या तळाशी झडप असते, तिचं बूच कडक झालं की रॉकेल उलटं पंपात येतं. तसा स्टो पेटवणं म्हणजे भडक्याला आमंत्रण. बर्नर काढून ते तोंड घट्ट बंद करा, रिकाम्या टाकीत थोडी हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे पायांच्या डागांपाशी आले तर तो स्टो फळीवर ठेवायचा, पेटवायचा नाही. सोबत जुना काकडा (स्पिरिटमध्ये बुडवून बर्नर तापवायची वात) मिळाला असेल तर त्याची वात उचकटू नका, ॲसबेस्टॉसची असू शकते.

धागाकर्ता
काकडा नाही मिळाला. चामडं तेलात टाकलंय. पेन्सिलीने ‘यूएस’च्या आधी एक उभी रेघ उमटली!

प्रतिसाद १
वा! रेडियसमध्ये ‘यू’च्या आधी ‘आय’ येतो, बाकी दोघांत ‘एम’. रेघ एकटी आहे की तिला डावीकडून तिरकी रेघ येऊन मिळते? एकटी असेल तर रेडियस. तिरकी दिसली तर नावाची गोलाई कुठे सुरू होते ते शोधा. ऑप्टिमसची अक्षरं सात, प्रायमसची सहा. आणि ऑप्टिमस निघाला म्हणून खट्टू होऊ नका. १९६२ मध्ये प्रायमसच्या रॉकेल स्टोंचा धंदा ऑप्टिमसनेच घेतला, म्हणजे शेवटी घर एकच.

धागाकर्ता
तिरकी रेघ आहे असं वाटतंय. पण ती खरंच आहे, की मला हवी आहे म्हणून दिसतेय, ते कळेना. बायकोला काही न सांगता कागद दाखवला, ती म्हणाली, “आय.” आज रात्री टॉर्चचे फोटो टाकतो.