मदत हवी आहे: वजन उतरवण्यासाठी धावताना नडग्या दुखतात

नमस्कार मंडळी,

माझे वय ४६ आणि वजन ८४ किलो असून ते उतरावे म्हणून मी पुण्यात तळजाई टेकडीवर रोज सकाळी धावतो. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ५ किलोमीटरमध्ये माझ्या सुमारे ४२० किलोकॅलरी जातात; तरीही वजन एका जागी अडले आहे आणि उतारावर नडग्यांच्या आतल्या कडा दुखू लागल्या आहेत. धावणे सोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. चाळिशीनंतर धावू लागलेल्यांनी आलटून-पालटून चालणे व धावणे, पोटऱ्यांचे व्यायाम आणि रात्रीचे जेवण यांचा मेळ कसा घातला, हे कृपया सविस्तर सांगावे.