रेड डेड रिडेम्प्शन २ : आप्पांची घोडी शेवटपर्यंत कशी सांभाळायची? (शेवटाचा स्पॉयलर आहे)

नमस्कार मंडळी. पीएस फोर कन्सोलवर रेड डेड २ (आर्थर नावाच्या टोळीवाल्या काउबॉयचा गेम) ज्यांनी शेवटपर्यंत खेळलाय त्यांचीच मदत हवीये, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला प्रश्नच विचारता येणार नाही. ज्यांचा गेम अजून बाकी आहे त्यांनी प्लीज इथूनच मागे फिरा.

खेळतायत माझे वडील, आप्पा. आमचं गाव शहादा तालुक्यात, सारंगखेड्याहून फार लांब नाही. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तो इकडच्या लोकांना सांगायला नको, मारवाडी, काठेवाडी जनावरं पार राजस्थान, पंजाब, यूपीहून येतात. आप्पा तिथे दरवर्षी जायचे, काही घ्यायचं नसलं तरी जायचे. दात बघायचे, भोवरे बघायचे, चार पावलं चालवून बघायचे आणि ओळखीची लोकं त्यांना हाताला धरून न्यायची की आप्पा जरा ह्या घोडीवर नजर टाका. घरी त्यांची स्वतःची बिजली होती, कुम्मैत रंग, कपाळावर चांद. ती पोटशूळ होऊन गेली. डॉक्टर येईपर्यंत रात्रभर आप्पा तिला अंगणात फिरवत होते. त्यानंतर घरात घोडं आलं नाही.

आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शेतात जाणं बंद, यात्रेतल्या गर्दीत जाणं तर त्याहून बंद. मी संध्याकाळी खेळायचे तेव्हा आप्पा बाजूला खाटेवर बसून बघायचे, काही बोलायचे नाहीत. एकदा मी घोडा नुसता दामटत होते तर म्हणाले, "घोडाले पहिले पानी पाज, थकी ग्या तो." मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि वेगळं सेव्ह सुरू करून दिलं. पहिला चॅप्टर, तो बर्फातला, मी पार करून दिला कारण त्यात मोकळं फिरता येत नाही. दुसऱ्यापासून ते खेळतायत. व्हॅलेंटाइन गावाच्या तबेल्यात घोडा घ्यायची वेळ आली तेव्हा एकेक जनावर कितीतरी वेळ निरखून बघितलं आणि शेवटी एक घोडी घेतली. नाव बदलता येतं म्हटल्यावर बिजली ठेवायला सांगितलं.

एक गोष्ट सांगते म्हणजे कळेल. ह्या गेममध्ये घोडा पळवताना एक्स बटण भराभर बडवलं की स्टॅमिना लगेच संपतो पण टापांच्या तालावर दाबलं तर कमी खर्च होतो. मला हे सगळा गेम संपेपर्यंत माहीत नव्हतं. आप्पांना कोणी सांगितलं नाही, ते पहिल्यापासून टापा ऐकूनच दाबतात, आणि मधूनमधून कंट्रोलरची डावी काडी (स्टिक) दाबून तिच्या मानेवर थोपटतात. चिखलातून आली की आधी खाली उतरून ब्रश, मगच पुढे. रस्त्यात घोडी एकदम बिथरली की मला म्हणतात गवतात साप बघ, आणि खरंच साप असतो! इंग्रजी येत नाही, गेमला हिंदी नाही, तरी घोडीचं त्यांना सगळं कळतं. गावात शिरलं की भेटेल त्याला नमस्काराचं बटण दाबून रामराम करतात, त्याने ऑनर (गेममधली अब्रू) वाढतो हे मी त्यांना सांगितलेलंच नाही.

आता अडचणी.

एक म्हणजे अंगठा. जन्मभर शेतीत काम केलेला हात आहे, सारखं एक्स दाबून थोड्या वेळाने दुखायला लागतो. लांबचा प्रवास असेल तर काही सोय आहे का?

दुसरं, गोळीबार. त्यांना त्यात अजिबात रस नाही आणि नेम धरता येत नाही. स्ट्रॉबेरी गावातून टोळीतल्या मायकाला सोडवायचं मिशन लागलं, पळताना बिजलीला गोळ्या लागल्या आणि ती पडली. आप्पांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि आत जाऊन झोपले. मी सेव्ह परत लोड केला, घोडी परत आली, पण ते मिशन आता ते घेतच नाहीत. त्यात आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, मधेच गेली की कन्सोल धाडकन बंद. सेव्ह खराब झाला तर बिजलीच जायची ही भीती मला वेगळी.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी खरं तर लिहितेय. सहाव्या चॅप्टरच्या शेवटच्या मिशनमध्ये आर्थर ज्या घोड्यावर असतो तो घोडा गोळी लागून पडतो, आणि मागे माणसं येत असतानाही आर्थर त्याच्याजवळ बसून त्याला थोपटतो, आभार मानतो. मी स्वतः तिथे रडले होते आणि मी तर घोडा कधी पाळलेला नाही. ते ह्यांनी बघायचं का? तोपर्यंत पोचूच द्यायचं नाही का? की आधी सांगून टाकायचं? भाऊ म्हणतो गेम आहे, एवढं काय. मला ते पटत नाही. ज्या माणसाने रात्रभर घोडी फिरवलीये त्याच्यासमोर तेच परत येणार असेल तर कोणीतरी आधी विचार करायला पाहिजे. अनुभवी लोकांनी सांगा.

तापीकाठ
ताई, आधी सोपं ते सांगतो. मॅपवर जिथे जायचं तिथे खूण लावायची, घोडी रस्त्यावर चालती करायची आणि मधलं टचपॅड दाबून धरायचं. सिनेमॅटिक कॅमेरा सुरू होतो, मग नुसतं एक्स धरून ठेवलं की घोडी आपोआप रस्ता धरून जाते, बडवायची गरज नाही. आप्पांना आजूबाजूचा मुलूखही निवांत बघता येईल.

गोळीबारासाठी सेटिंगमध्ये कंट्रोल्सला जाऊन लॉक-ऑन वाइड करा. मग एल टू दाबला की नेम आपोआप जवळच्या माणसावर जातो. आणि मिशनमध्ये एकाच ठिकाणी बरेचदा हरलं की तो टप्पा सोडून पुढे जायचा पर्याय येतो, तो बिनधास्त घ्यायचा.

घोडी पडली की लगेच मरत नाही. हॉर्स रिव्हायव्हर नावाचं औषध तबेल्यात मिळतं, ते सॅचेलमध्ये (आर्थरच्या झोळीत) कायम असू द्या. पडलेल्या घोडीजवळ गेलं की देण्याचा प्रॉम्प्ट येतो. औषध नसेल तर मात्र ती कायमची जाते, मग जुना सेव्ह लोड करणं एवढाच उपाय.

रात्रपाळी_भुसावळ
लाइटचं मी सांगतो, आमच्याकडेही तीच बोंब. ऑटोसेव्हवर विसंबू नका. ऑप्शन्स दाबून स्टोरीमध्ये जाऊन हाताने सेव्ह करा, आणि दोनतीन वेगळ्या स्लॉटमध्ये करा, एकाच्याच डोक्यावर करू नका. वर पेन ड्राइव्हवर कॉपी ठेवा, पीएस फोरच्या सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन सेव्हड डेटा मॅनेजमेंट आहे तिथून होते. शक्य असेल तर टीव्ही आणि कन्सोल दोन्हीला पुरेल असा छोटा यूपीएस घ्या. नुसत्या इन्व्हर्टरवर लाइट जाताना जो क्षणाचा झटका बसतो त्यातही कधी कधी कन्सोल बंद पडतो.

शेवटाबद्दल माझं मत, पोचूच देऊ नका. मॅपवरच्या पिवळ्या खुणेवर गेल्याशिवाय मुख्य मिशन सुरू होत नाही. दुसऱ्या चॅप्टरमध्ये माणूस वर्षभर फिरला, शिकार केली, मासे धरले तरी गेम काही म्हणत नाही. स्ट्रॉबेरीचं ते मिशन नाही केलं तर नाही केलं. फिरू द्या त्यांना.

कापूसवाला
रात्रपाळी भाऊ, पहिलं सगळं बरोबर पण शेवटचं मला नाही पटलं. आप्पा काय लहान पोर आहेत का? ज्याने इतकी जनावरं बघितली त्याला जनावर जातं हे आपण सांगायचं? त्यांच्यापासून लपवून ठेवलं आणि उद्या नातवाने मोबाईलवर तोच सीन दाखवला तर जास्त वाईट. ताई, सरळ सांगा. मग पुढे जायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. आणि गेलेच तर एक करता येतं, त्या मिशनच्या आधी बिजलीला तबेल्यात ठेवून दुसऱ्या घोड्यावर जायचं. पडतो तो त्या वेळी खाली असलेला घोडा. बिजलीला गोळी लागताना तरी बघावं लागणार नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅमेऱ्याची युक्ती एकदम कामी आली, आता अंगठा दुखत नाही. यूपीएसचं भावाला सांगितलंय, पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली.

कापूसवाला दादा, तुमचं ऐकून काल जेवणानंतर सांगितलं. सगळं नाही, आर्थरचं काय होतं ते सांगितलं नाही, फक्त घोड्याचं सांगितलं. ते म्हणाले कोणत्या गावात ठेवायची ते आत्ताच दाखवून ठेव. मग म्हणाले की दुसऱ्या घोड्याचा जीव काय जीव नाही का, त्याच्यावर बसून मी कशाला जाऊ. म्हणजे पुढचं मिशन घ्यायचं नाही असं त्यांनी स्वतः ठरवलंय, आणि ते त्यांनी ठरवलंय म्हणून मला बरं वाटतंय. मी न सांगता नुसतं अडवलं असतं तर ते मला सारखं खुपलं असतं.

आता त्यांना पांढरा घोडा पाहिजे, नुकरा. यात्रेत नुकऱ्याला कायम भाव असायचा, त्यांना कधी घेता आला नाही. गेममध्ये पांढरा अरबी आहे असं ऐकलंय, तो दुसऱ्या चॅप्टरमध्ये मिळतो का? आणि तो घेतला तर बिजली जाईल का?

तापीकाठ
मिळतो, फुकट मिळतो. उत्तर-पश्चिमेला बर्फात लेक इसाबेला आहे, तिथे काठाला तो जंगली फिरत असतो. जायच्या आधी आर्थरला जाड कोट घाला, थंडीने हेल्थ उतरते. आणि हाताने सेव्ह करून जा.

लांबूनच बिजलीवरून उतरा आणि पायी, हळू जा. एल टू धरून स्क्वेअरने शांत करत राहायचं, तो बिचकला की जागीच थांबायचं. हे आप्पांना आपल्याहून चांगलं जमेल. वर बसल्यावर तो उसळतो, तेव्हा तो जिकडे झुकेल त्याच्या उलट डावी काडी. पहिल्या फटक्यात नाही जमलं तर सेव्ह लोड करा.

बिजलीवरचं खोगीर लगेच काढू नका. खोगीर तिच्यावर आहे तोपर्यंत तीच मुख्य घोडी. नुकऱ्यावर तसंच बसून व्हॅलेंटाइनच्या तबेल्यात जा, तिथे त्याला ठेवून घ्या, मग दोन्ही तुमचेच.